ऊन, कातडी आणि झाडपाला

(स्मृतिव्याख्यानमालेत नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



हळदीचा डाग पडलेलं पांढरं कापड साबणानं धुतलं की डाग आधी लाल होतो आणि खळखळून काढलं की पुन्हा पिवळा. कितीही घासा, हटत नाही. तेच कापड मे महिन्यात दोन दिवस गच्चीवर वाळत टाका, डाग विरून जातो. या सभागृहातल्या बहुतेक घरांत हे केलेलं असेल. आणि त्याच घरांत उन्हानं चेहरा रापू नये म्हणून हळद-बेसनाचा लेपही लागत असेल. जे द्रव्य स्वतः दोन दिवस उन्हात टिकत नाही, त्याला आपण राखणीला बसवतो.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. ते प्रकाश शोषतं हे खरं, पण सर्वांत जास्त शोषतं ते ४२० ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या-निळ्या प्रकाशात. त्वचा भाजणारे किरण असतात २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. तिथे हळदीची पकड ढिली. शिवाय प्रकाश शोषून कर्क्युमिन स्वतः मोडतं आणि मोडता मोडता ऑक्सिजनची दाहक रूपं तयार करतं. जंतू मारायला हा गुण चांगला. कर्क्युमिन आणि निळा प्रकाश एकत्र वापरून दंतवैद्यकात तसे प्रयोगही झाले आहेत. चेहऱ्यावर भर उन्हात मात्र तो गुण नको असतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे, आणि जखमेवर, सुजेवर, भाजीत हळदीचा मान मी कमी करत नाही. पण हळद आणि दुपार ही जोडी मला पटत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना विद्यार्थ्यानं "पूर्वापार चालत आलंय" असं उत्तर दिलेलं चालत नसे, आणि "परदेशी संशोधनात सिद्ध झालंय" हेही चालत नसे. कुणी मोजलं, कशानं मोजलं, हे आधी सांग म्हणायचे. त्याच शिस्तीनं आज बोलायचं आहे. उन्हाविरुद्ध वनस्पतींकडे द्रव्यं आहेत आणि ती अव्वल आहेत. आपण ती भलत्या जागी लावतो आणि भलत्या मापानं मोजतो, हे माझं म्हणणं आहे.

आधी ऊन समजून घेऊ. ऊन म्हणजे उष्णता, असं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते बसणं साहजिक आहे. पण चटका बसतो तो अवरक्त किरणांचा आणि तापलेल्या हवेचा. अतिनील किरण अंगाला जाणवतच नाहीत. लातूर सुमारे १८.४ अंश उत्तरेला, नांदेड १९.१५ अंशांवर. त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तो दिवस वर्तमानपत्रं छापतात. जुलैच्या अखेरीस हेच पुन्हा घडतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, हवेत गारवा असतो आणि सोयाबीनमध्ये खुरपणी चालू असते. पातळ ढगांमधून अतिनील किरणांचा बराच भाग खाली पोचतो. वाकून खुरपणाऱ्या बाईच्या मानेला तो गारव्यातही पोचतो.

म्हणून या विषयात 'थंड' हा गुण फसवा आहे. कोरफड थंड, चंदन थंड, मुलतानी माती थंड. पाणी उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं आणि बरं वाटतं. अतिनील किरणांशी त्याचा संबंध नाही. उलट बरं वाटल्यामुळे माणूस उन्हात जास्त वेळ थांबतो.

अतिनील किरणांतले दोन प्रकार जमिनीपर्यंत येतात. यूव्ही-बी थोडा, पण जहाल. तो त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींत शिरून डीएनएच्या धाग्यात शेजारी-शेजारी असलेल्या दोन थायमिनांची गाठ बांधतो. पेशी त्या गाठी सोडवत बसते, आणि काही राहून जातात. यूव्ही-ए जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के असतो. तो खाली उतरून कोलॅजन झिजवतो. चाळिशीतच शेतकऱ्याच्या मानेवर मागच्या बाजूला चौकटीचौकटीच्या सुरकुत्या दिसतात त्या त्याच्यामुळे.

आपल्या कातडीत मेलॅनिन आहे, ही जमेची बाजू. १९७९ मध्ये केडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बाह्यत्वचेचं मोजमाप केलं, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचा यूव्ही-बीविरुद्धचा संरक्षण-गुणक सरासरी १३.४ आणि गोऱ्यांचा ३.४ आला. आपण या दोहोंच्या अधेमधे. म्हणूनच ऑस्ट्रेलियात जो त्वचेचा कर्करोग घरोघरी माहीत आहे, तो आपल्याकडे क्वचित. आपल्या त्वचारोग विभागाच्या बाहेर रांग असते ती वांगाची, उन्हाच्या ॲलर्जीची आणि काळवंडण्याची. काळवंडण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकतो: गोरं होण्याच्या हौसेसाठी हे व्याख्यान नाही. सावळा रंग हा रोग नव्हे. ते कातडीनं स्वतः विणलेलं छत आहे. ज्यांच्या त्वचेत मेलॅनिन जन्मतःच बनत नाही, किंवा कोडामुळे जागोजागी गेलेलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सनस्क्रीन हे औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात औषधासारखंच मिळायला हवं.

आता झाडाकडे वळू. रोपवाटिका चालवणारे रोपं एकदम शेतात लावत नाहीत. आठ-दहा दिवस हळूहळू उन्हाची सवय करतात. त्या दिवसांत पानात जे घडतं त्यातला एक भाग आपल्या विषयाचा आहे. वनस्पतींच्या पेशीत यूव्हीआर-८ नावाचं एक प्रथिन असतं. यूव्ही-बी पडला की त्याची जोडी सुटते आणि पेशीला इशारा मिळतो. हे प्रथिनच झाडाचा 'यूव्ही-बी ओळखणारा डोळा' आहे, हे २०११ मध्ये स्पष्ट झालं. इशारा मिळताच पान फ्लॅव्होनॉइड आणि सिनॅमिक आम्लाच्या घराण्यातली द्रव्यं बनवायला घेतं. ती नेमकी कुठे साठवतं, हे पाहण्यासारखं आहे: पानाच्या वरच्या कातडीच्या पेशींमधल्या पोकळीत. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा दृश्य प्रकाश खाली जाऊ देतं आणि अतिनील वरच्या वर गाळून घेतं. ज्या रोपांत फ्लॅव्होनॉइड बनवणारं जनुक बिघडलेलं असतं, ती प्रयोगशाळेत यूव्ही-बीखाली करपतात. द्रव्याचा उपयोग होतो याचा याहून चांगला पुरावा नको. पण पानाचं यश केवळ द्रव्यात नाही. ते योग्य थरात आहे, दाट आहे, आणि मोडलं की पान नवं बनवतं. आपण पान वाटतो तेव्हा या तिन्ही गोष्टी पाट्यावरच संपतात.

१९२८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या पहिल्या सनस्क्रीनमध्ये दोन द्रव्यं होती, बेंझिल सॅलिसिलेट आणि बेंझिल सिनॅमेट. सॅलिसिलिक आम्लाची ओळख माणसाला विलोच्या सालीतून झाली, सिनॅमिक आम्लाची दालचिनीच्या कुळातून. आजही दुकानात मिळणाऱ्या कित्येक क्रीममध्ये सिनॅमेटाचाच सुधारलेला अवतार असतो. रसायनज्ञानं त्याला तेलात विरघळणारी शेपटी जोडली, म्हणजे घामानं लगेच धुऊन जाऊ नये. म्हणजे पानानं केलेली युक्ती उचलून, ती माणसाच्या कातडीवर टिकेल अशी बेतून घेतली. तेव्हा 'हर्बल की केमिकल' हा जो वाद दुकानाच्या काउंटरवर चालतो तो मला निव्वळ जाहिरातदारांचा वाटतो.

आता मापाकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सभागृहात फार्मसीचे विद्यार्थी बरेच दिसतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत 'हर्बल सनस्क्रीन' हा विषय नांदेडला असतो, लातूरला असतो, आणि महाराष्ट्रात सगळीकडे असतो. करंजाची पानं, पळसाची फुलं, कोरफड, टोमॅटो, गाजराचं बी, पपई, हळद. अर्क काढायचा, क्रीममध्ये मिसळायचा, आणि अखेरच्या पानावर घसघशीत एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती पट संरक्षण मिळतं तो आकडा, लिहायचा. तो कुठून येतो? जवळजवळ नेहमी मान्सूरच्या समीकरणातून. ब्राझीलमध्ये १९८६ मध्ये मान्सूर आणि सहकाऱ्यांनी ही सोपी रीत सांगितली. नमुना अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, २९० पासून ३२० नॅनोमीटरपर्यंत दर ५ नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषण मोजायचं, म्हणजे सात आकडे मिळतात. त्या त्या तरंगलांबीची त्वचा भाजण्याची ताकद किती, त्याप्रमाणे प्रत्येक आकड्याला वजन द्यायचं, बेरीज करायची आणि १० नं गुणायचं.

हे १० कुठून आलं, हे तोंडी परीक्षेत विचारलं की शांतता पसरते. ८ टक्के होमोसॅलेट असलेल्या प्रमाण सनस्क्रीनचा एसपीएफ ४ यावा, यासाठी तो गुणक बसवलेला आहे. म्हणजे ठरावीक तऱ्हेच्या, ठरावीक प्रमाणात विरळ केलेल्या सनस्क्रीनसाठी लावलेली ती मोजपट्टी. ती उचलून आपण पळसाच्या अर्काला लावतो. शोषण हे द्रावणाच्या दाटपणाबरोबर वाढतं. अर्क दुप्पट दाट घेतला की या समीकरणात एसपीएफही दुप्पट. मग कोणता एसपीएफ हवा ते आधी ठरवा आणि तेवढा दाट अर्क घ्या! द्रावण गढूळ असेल तर प्रकाश विखुरतो, यंत्र त्यालाही शोषणच समजतं आणि आकडा आणखी फुगतो. आणि ३२० च्या पुढचा सगळा यूव्ही-ए या रीतीत मोजलाच जात नाही.

याचं उत्तम उदाहरण घरातल्या तेलांचं. २०१० मध्ये रायपूरच्या दोन संशोधकांनी याच पद्धतीनं तेलं मोजली. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाला ७ च्या वर आकडा आला, तिळाच्या तेलाला २ च्या खाली. हा निष्कर्ष जगभर फिरला आणि आपल्याकडे मोबाइलवर तर घरोघरी पोचला: खोबरेल लावा, सनस्क्रीन कशाला? २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या गॉज आणि चौहान यांनी तेलांचा प्रत्यक्ष पातळ थर घेऊन मोजलं. तेलांचा एसपीएफ आला जेमतेम १. एसपीएफ १ म्हणजे काहीच लावलेलं नाही. आपल्याकडची करडई त्या यादीत असती तरी तिची गत वेगळी झाली नसती. करडईच्या तेलात भरपूर लिनोलेइक आम्ल असतं, कोरडी कातडी त्यानं मऊ होते. ऊन मात्र आरपार जातं.

खरी एसपीएफ चाचणी माणसाच्या पाठीवर होते. किमान दहा स्वयंसेवक लागतात. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मापानं मलम लावायचं, कृत्रिम सूर्याचा प्रकाश टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्वचा कुठे लाल झाली ते पाहायचं. खर्चिक आहे, नैतिक समितीची परवानगी लागते, विद्यार्थ्याच्या प्रकल्पात बसत नाही, हे सगळं मान्य. मग प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर 'एसपीएफ' हा शब्द लिहू नये. 'अमुक दाटपणाच्या द्रावणाचं अमुक तरंगलांबीला शोषण' एवढंच लिहावं. ते प्रामाणिक आहे आणि पुढच्याला उपयोगी पडतं. करंजाचंच घ्या. त्यातलं करंजिन अतिनील किरण शोषतं, ते अभ्यासण्याजोगं आहे. पण नदीकाठचा करंज वाटून तोंडाला लावला की सनस्क्रीन झालं, असं त्यातून निघत नाही.

आणि काही झाडं तर शत्रुपक्षाची आहेत. इथे माझा सूर बदलतो, कारण यातून दुखापत होते. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून कॉलेजला निघालेल्या मुली मी पाहतो. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकूमरिन गटातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना यूव्ही-ए पडला की भाजल्यासारखे फोड येतात, आणि ते बरे झाल्यावर महिनोन्महिने काळे डाग राहतात. डाग घालवण्यासाठी लावलेलं लिंबू डाग देऊन जातं. याच गटातलं सोरालेन बावचीच्या बियांत आहे. आयुर्वेदानं बावची कोडावर वापरली, आणि लावून उन्हात बसायला सांगितलं, हे फार चाणाक्ष निरीक्षण आहे. इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात तिथल्या एका गाजरकुळातल्या रानवनस्पतीवर तेच काम केलं आणि त्यातून पुढे सोरालेन आणि यूव्ही-ए यांची आजची उपचारपद्धत उभी राहिली. वैद्याच्या देखरेखीखाली बावची औषध आहे. बाजारातून आणून 'त्वचेसाठी चांगली' म्हणून लावली तर ती भाजते.

आणि गाजरगवत! आपल्या बांधावर, गायरानात, एसटी स्टँडच्या मागे, सगळीकडे. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि काही दशकांत देशभर पसरलं. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात त्या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाचं वर्णन जगापुढे ठेवलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी झालेल्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची घडी आधी खाजते, मग कातडी जाड आणि काळपट होते, आणि काहींना पुढे ऊनच सोसेनासं होतं. असा माणूस गवताला दोष देत नाही, उन्हाला देतो. त्याला कोणताही पाला लावायला सांगण्याआधी बांध साफ करायला सांगावं, तेही हातमोजे घालून आणि गवत फुलोऱ्यावर येण्याआधी.

मग वनस्पतींचं खरं काम कुठे आहे? मला तीन ठिकाणी दिसतं. पहिल्या दोन ठिकाणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला पुरावा अजून कोवळा आहे.

पहिलं, सनस्क्रीनच्या जोडीला. ऊन अडवणं एक आणि अडवूनही जे आत शिरलं त्याची झळ विझवणं दुसरं. फेरुलिक आम्ल १८६६ मध्ये हिंगाच्या चिकातून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. ते तांदळाच्या आणि ज्वारीच्या कोंड्यातही असतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटानं 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं, तर डुकराच्या त्वचेवर मिळणारं संरक्षण चौपटीवरून आठपट झालं, कारण मुळात चटकन खराब होणारी ती जीवनसत्त्वं टिकून राहिली. चिंचोक्याचं उदाहरण मला लातूरकरांसाठी राखून ठेवायचं होतं. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच आता मानांकनामुळे नावाजली आहे. पण चिंच फोडून झाली की चिंचोका जातो कापडाच्या खळीला. त्या चिंचोक्यातल्या झायलोग्लुकन या शर्करेवर टेक्सासमधल्या फेथ स्ट्रिकलंड यांच्या गटानं १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिनील किरणांनी उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावते; उन्हानंतर हे द्रव्य लावलं तर ती बऱ्याच अंशी शाबूत राहते. उंदरांवरचं काम आहे, फार उड्या मारू नयेत. पण विषय इथला, माल इथला आणि प्रयोगशाळा टेक्सासची, हे मला बोचतं.

दुसरं ठिकाण ताट. जर्मनीत २००१ मध्ये स्टाल आणि सहकाऱ्यांनी लोकांना रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट रस १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर दहा आठवडे दिला. त्यांच्या त्वचेला कृत्रिम उन्हानं येणारा लालसरपणा, नुसतं तेल घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. कच्च्या टोमॅटोपेक्षा तेलात शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपिन अंगी लागतं. आपल्या टोमॅटोच्या भाजीत हे सगळं आपसूकच होतं. परिणाम यायला आठवडे लागतात आणि तो सौम्य असतो. टोमॅटो खाऊन कुणी टोपी काढून ठेवू नये. लातूरच्या बाजारपेठेची ओळख झालेल्या सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आहे. त्यावरही उंदरांत आणि थोड्याफार माणसांत आशादायक प्रयोग झाले आहेत.

तिसरं ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते सांगण्यासाठी एक साधा हिशेब मांडतो. सोयाबीन काढणीला किंवा कापूस वेचणीला जाणारी बाई सकाळी आठ ते संध्याकाळी पाचपर्यंत शिवारात असते. तिनं चाचणीच्या मापानं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम, नुसता चेहरा, मान आणि हातांचे पंजे झाकायचे म्हटले तरी एका वेळी तीन ग्रॅमच्या वर मलम लागेल. घाम येतो, दर दोन-अडीच तासांनी पुन्हा लावायचं. दिवसाला बारा ग्रॅम धरा. पन्नास ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपली. या बाईची रोजगारी आणि औषधाच्या दुकानातली ट्यूबची किंमत यांचा हिशेब तुम्हीच करा. हर्बल असो वा नसो, मलम हा तिचा उपाय नाही.

तिनं तिचा उपाय केव्हाच शोधलेला आहे. साडीवरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून पदर आणि त्यावर घट्ट बांधलेला रुमाल. शहरात मुलींनी स्कार्फ आणि सनकोट आणला, तो याच शर्टाचा धाकटा भाऊ. आणि सुती कापड हे वनस्पतीचंच द्रव्य आहे, हे आपण विसरतो. सेल्युलोज स्वतः अतिनील किरण फारसे शोषत नाही. पण बोंडातून निघालेल्या कापसात पेक्टिन, मेण आणि थोडी रंगद्रव्यं असतात, ती शोषतात. आपण कापड ब्लीच करून पांढरंशुभ्र करतो तेव्हा हे सगळं काढून टाकतो. पातळ, पांढरं, ब्लीच केलेलं सुती कापड म्हणूनच उन्हाला फार कमी अडवतं, आणि घामानं ओलं झालं की आणखी कमी. २००५ मध्ये अमेरिकेत हस्टवेट आणि क्रूज यांनी नैसर्गिक रंगाच्या कापसाचं, म्हणजे बोंडातच तपकिरी किंवा हिरवट असलेल्या कापसाचं कापड मोजलं. ते साध्या कापसाच्या कापडापेक्षा कितीतरी सरस निघालं. त्याआधी २००४ मध्ये अजय सरकार यांनी मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीनं आणि निळीनं रंगवलेलं सुती कापड मोजलं. वनस्पतींच्या रंगानं संरक्षण वाढलं, आणि जाड, वजनदार विणीत ते जास्त वाढलं. पानात जशी ही द्रव्यं वरच्या थरात दाट भरलेली असतात, तशी ती धाग्यात भरता येतात. इथे ती घामानं पुसली जात नाहीत, कातडीला लागून ॲलर्जी होण्याची शक्यता कमी, आणि एकदा केलेला खर्च वर्षभर पुरतो.

पॉलिस्टरच्या स्वस्त शर्टाची बाजूही मांडायला हवी. त्याच्या रेणूतल्या कड्या यूव्ही-बी चांगला शोषतात, ब्लीच केलेल्या सुती कापडापेक्षा चांगला. पण एप्रिलच्या दुपारी तो अंगात घालून ज्वारी काढायला कुणी राहत नाही. बाई जुना सुती शर्टच घालणार, कारण घाम टिपतो.

आता आपल्या नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत काय आहे ते पाहा. नांदेडचं कापूस संशोधन केंद्र, ज्यानं एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. त्याआधीचा गावरानी कापूस, याच पट्ट्याचा. किनवट-माहूरच्या जंगलात फाल्गुनात पेटणारा पळस. त्याच्या फुलांत फ्लॅव्होनॉइड भरलेले असतात, आणि धुळवडीला लेकरांना त्या पाण्यानं आंघोळ घातली की ऊन बाधत नाही, असा आपला समज आहे. आंघोळीनं काही साधत असेल असं मला वाटत नाही. त्याच पाण्यात लेकरांचे सदरे बुडवले असते तर बोलायला जागा होती. बाभळीची साल, हिरडा, तुरटी, सगळं हाताशी. आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती, जिथे राष्ट्रध्वज तयार होतो आणि ज्याचं कापड उदगीरला विणलं जातं. ध्वजाच्या कापडाला भारतीय मानक क्रमांक १ लागू आहे. सूत किती, वीण किती घट्ट, वजन किती, सगळं बांधलेलं. म्हणजे धाग्यांतल्या फटी मोजून विणायची सवय उदगीरच्या मागावर आधीपासून आहे, आणि ऊन जे आत येतं ते मुख्यतः त्या फटींतूनच.

माझी सूचना फार्मसी महाविद्यालयांना आणि विद्यापीठाला आहे. पुढच्या वर्षी एक तरी प्रकल्प क्रीमचा नको, कापडाचा घ्या. उदगीरची ब्लीच न केलेली खादी घ्या. एक तुकडा तसाच ठेवा, एक पळसात रंगवा, एक बाभळीच्या सालीत, एक हिरडा आणि लोखंडाच्या काळ्या रंगात. त्यांचा यूपीएफ, म्हणजे कापडाचा एसपीएफ, मोजा. कापडासाठी वेगळी रीत आहे, ऑस्ट्रेलियानं १९९६ मध्ये तिचं मानक केलं. स्पेक्ट्रोफोटोमीटरला गोलाकार जोडणी लावावी लागते, म्हणजे विखुरलेला प्रकाशही मोजला जातो. ज्या महाविद्यालयाकडे ती नसेल त्यानं शेजाऱ्याकडून मागून घ्यावी. कोरडा आणि ओला, दोन्ही तुकडे मोजा, कारण शिवारात शर्ट दुपारी ओलाच असतो. मग प्रत्येक तुकडा धुण्याच्या सोड्यानं पन्नास वेळा धुवा आणि पुन्हा मोजा. पळसाचा रंग कच्चा आहे, तो पहिल्या दहा धुण्यांतच उतरेल असा माझा कयास आहे. बाभळीचा टिकेल. पण कयासाला इथे किंमत नाही. पन्नासाव्या धुण्यानंतरचा आकडा ज्या विद्यार्थ्याकडे असेल, त्यानं तो घेऊन यावं, त्याच्या तोंडी परीक्षेला बसायला मला आवडेल.

प्रश्नांसाठी वेळ आहे, आणि हळदीवरचे प्रश्न येणार हे मी धरून चाललो आहे.